जुनी शास्त्रीय आणि वैद्यकीय उपकरणं जमवताय? या चुका टाळा

जुनं पितळी उपकरण घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे चकचकीत कशानं होईल?" जमीन मोजताना कोन मोजायचं थिओडोलाइट असो, सूक्ष्मदर्शक असो की आजोबांच्या दवाखान्यातला औषधांचा तराजू असो, प्रश्न तोच. माझं उत्तरही इतक्या वर्षांत बदललेलं नाही. करू नका. घरी आणल्यापासून पहिला महिना तरी त्याला हात लावू नका.

एकोणिसाव्या शतकातला चांगला कारागीर पितळ उघडं सोडत नसे. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत पिवळसर-तांबूस रंग मिसळून तो थर गरम केलेल्या पितळेवर चढवला जायचा. ती लाख बहुतेक आपल्याच देशातून तिकडे जायची. जिथे रोज बोटं लागली तिथून हा थर झिजतो, कडांवरून उडतो, आणि आडोशाच्या जागी मधाच्या रंगाचा शिल्लक राहतो. उपकरण कुणी, कसं, किती वापरलं हे त्या झिजेवरूनच कळतं. ब्रासोचा बोळा जोर लावून फिरवला की हा पुरावा गेला. नवं लॅकर मारता येतं, पण जाणकाराच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं.

ओळखीतल्या एका तरुणाला एका घरातून लंडनच्या ट्रॉटन अँड सिम्स या कंपनीचं थिओडोलाइट मिळालं. घरातले आजोबा पाटबंधारे खात्यात होते. मूळ महोगनीची पेटी, आत ओळंबा, भिंग, किल्ली सगळं जागच्या जागी. पितळ काळवंडलेलं होतं, एवढाच काय तो दोष, आणि तोही दोष नव्हेच. "दिवाळीच्या आत हॉलमध्ये ठेवायचंय" म्हणून त्यानं ते थेट बफिंगवाल्याकडे नेलं. दोन दिवसांत सोन्यासारखं चकाकत परत आलं, आणि तो मोठ्या आनंदानं दाखवायला घेऊन आला.

मी भिंग घेतलं आणि आधी अंशांची तबकडी पाहिली. या तबकडीत चांदीची पट्टी बसवलेली असते आणि तिच्यावर विभाजन यंत्रानं केसाएवढ्या बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्या रेघांत काळं भरलेलं असतं. निम्म्या वर्तुळावरचं काळं निघून गेलं होतं, आणि एका बाजूला तर रेघाच उरल्या नव्हत्या. व्हर्निअर, म्हणजे बारीक मोजमापाची सरकती पट्टी, कशाशी जुळवायचा? कारागिराच्या नावाची अक्षरं बोथट झाली होती. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, पकडीनं फिरवून काढली होती, त्यामुळे तिच्या कडेवर दात उमटले होते. आतल्या फुलीच्या तारा कोळ्याच्या धाग्याच्या असतात, त्या तुटून गेल्या होत्या. पुढे त्यानं ते मुंबईत एका व्यापाऱ्याला दाखवलं. व्यापाऱ्यानं मिनिटभर पाहिलं आणि म्हणाला, "याचा आता टेबललॅम्प करा." ऐकायला वाईट वाटतं, पण तो चूक नव्हता. शंभर वर्षं ज्या रेघा टिकल्या त्या दोन दिवसांच्या घाईनं गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

पॉलिशमध्ये आणखी एक धोका आहे. पितळ उजळवण्याच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. बाटली उघडताच नाकाला कळतं. ओढून बनवलेल्या पितळी नळीत ताण साठलेला असतो आणि अमोनियाच्या सहवासात असं पितळ तडकतं. हे आपल्याच पावसाळ्यानं इंग्रजांना शिकवलं. घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली त्यांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये सिद्ध झालं. दुर्बिणीच्या पातळ नळ्याही पितळेच्याच, हे बाटली उचलण्याआधी आठवा.

माझी पद्धत सांगतो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग मऊ ब्रश, मग कोरडं जुनं सुती कापड. चिकटलेली घाण असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये जेमतेम ओलं केलेलं कापड, आणि लगेच कोरडं करणं. स्पिरिट अजिबात नाही, कारण लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो. बसलेल्या पेचाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देतो आणि सोडून देतो. आठवड्यानं पुन्हा एक थेंब. ज्यांना आठवडा थांबवत नाही त्यांनी निदान बरोबर रुंदीचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा. काढलेला पेच त्याच भोकात परत गेला पाहिजे. पेच आणि भोक यांच्या शेजारी जोडीच्या खुणेचे बारीक ठिपके अनेकदा असतात, ते आधी शोधा.

दुसरी चूक खरेदीतली: नाव आणि साल वाचून पैसे मोजणं. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन तर ढिगानं "केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७" असं कोरलेले सेक्स्टंट, म्हणजे जहाजावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायची उपकरणं, मिळतात. केल्विन अँड ह्यूज ही कंपनी या नावानं उभी राहिली ती १९४७ मध्ये, दोन जुन्या कंपन्या एकत्र येऊन. मग १९१७ चा सेक्स्टंट कुठून येणार? अशा शोभेच्या वस्तू रुरकी भागात भरपूर बनतात. तिथे सर्वेक्षण उपकरणांचा खरा आणि जुना धंदाही आहे. बनवणारे त्या शोभेच्या म्हणूनच विकतात. जुन्या होतात त्या पुढच्या हातांत. कोरलेल्या नावापेक्षा वस्तू पाहा. खऱ्या सेक्स्टंटचा कंस साठ अंशांच्या आसपास असतो आणि त्यावर आकडे दुप्पट, म्हणजे १२० किंवा थोडे पुढेपर्यंत असतात. रेघा जाड, उथळ किंवा ओतीव दिसल्या तर ठेवून द्या. काटा शून्यावर आणा आणि लांबच्या इमारतीची गच्चीची कड पाहा. थेट दिसणारी कड आणि आरशांतून येणारी कड एका रेषेत आली पाहिजे, किंवा स्क्रूनं आणता आली पाहिजे. शोभेच्या वस्तूत ती येतच नाही. आणि फुलीच्या खाचेचे पेच दिसले तर व्हिक्टोरियन काळाची गोष्ट विक्रेत्यानं सुरू करण्याआधीच निघा.

खऱ्या वस्तूंवरही नाव नीट वाचा. "कूक, ट्रॉटन अँड सिम्स" असेल तर वस्तू १९२२ नंतरची. "लॉरेन्स अँड मेयो" असेल तर ते बहुधा विकणाऱ्याचं नाव, बनवणारा दुसराच.

वैद्यकीय वस्तूंत सगळ्यात जास्त खपते ती "१८५७ च्या लष्करी डॉक्टरची पेटी". हत्यारावर "स्टेनलेस" लिहिलेलं असेल तर बोलणंच संपलं, इंग्लंडात शेफील्डला ते पोलाद आलं १९१३ मध्ये. आबनूसाच्या चौकटीदार मुठी जुन्या काळच्या. जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्यावरचे डॉक्टर लिस्टरचे लेख १८६७ मध्ये आले, पुढे हत्यारं उकळायची पद्धत रुळली तशा लाकडी मुठी जाऊन अखंड धातूची हत्यारं आली. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र रिव्हा-रोची यानं १८९६ मध्ये मांडलं, त्याआधीचं साल कुणी सांगितलं तर हसून पुढे चला. मूठ हस्तिदंताची निघाली तर घेऊच नका. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे आणि "जुनं आहे" हे कायद्यापुढे चालत नाही.

पारा असलेली वस्तू आडवी टाकून रिक्षातून आणू नका. वायुभारमापक झटक्यानं हलला की पाऱ्याचा स्तंभ नळीच्या टोकावर आदळतो आणि काच फुटते. सांडलाच तर व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, खिडक्या उघडा, सोन्याची अंगठी आधी काढा.

जुन्या होकायंत्राच्या तबकडीवरचा चमकणारा रंग आता चमकत नाही म्हणून तो निरुपद्रवी झाला असं समजू नका. त्या रंगात किरणोत्सारी रेडियम आणि त्यामुळे चमकणारं झिंक सल्फाइड असतं. संपलंय ते झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडू नका, रंग खरवडू नका.

मुंबई-कोकणात भिंगं बंद चामडी पेटीत ठेवू नका, बुरशी धरते. काचेच्या कपाटात सिलिका जेलसह ठेवा आणि पावसाळ्यात जेल वेळेवर बदला.

पेटीला सँडपेपर लावणारे भेटले की मला राग येतो. झाकणाच्या आतलं दुकानदाराचं लेबल, लंडनजवळच्या क्यू वेधशाळेचं तपासणी प्रमाणपत्र, कोपऱ्यातली चिठ्ठी, हे वस्तूइतकंच मोलाचं. डॉक्टरांच्या घरून बॅग घेताना त्यांचं नाव, गाव, दवाखाना कुठे होता, बॅग कुठून घेतली होती, हे त्याच दिवशी घरच्यांना विचारून लिहून घ्या. पुढच्या पिढीला यातलं काही सांगता येत नाही.

शेवटी परदेशातल्या नातेवाइकांसाठी घेणाऱ्यांना. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असेल आणि तशी शंका येण्याजोगी दिसत असेल, तर ती पुरावशेष नसल्याचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र आधी घ्या. भाच्याच्या विमानाच्या आदल्या रात्री फोन करून विचारू नका, त्या अर्जाला वेळ लागतो.