लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट नीट वाचायचाय? मग आधी लिव्हरच्या पेशीत डोकवा

रिपोर्ट मोबाईलवर आला की सगळे आधी टोटल कोलेस्टेरॉल बघतात, ते २०० च्या वर दिसलं की घरात अंडी बंद, आणि खालच्या ओळी कोणी वाचतच नाही. टोटल बाजूला ठेवा. एलडीएलची, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, ‘वाईट’ म्हणतात त्या कणांची ओळ शोधा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, माझ्या लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर पुरेसे आहेत का?

कारण रक्तातलं बहुतेक एलडीएल लिव्हरच उचलतं. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर रिसेप्टर असतो, तो एलडीएलचा कण पकडून आत नेतो, आत लायसोसोम नावाच्या पचन करणाऱ्या पिशवीत कण फुटून कोलेस्टेरॉल सुटं होतं आणि रिसेप्टर परत वर, पुढचा कण पकडायला. आता पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की रिसेप्टर बनवायचा हुकूम देणारं एसआरईबीपी नावाचं प्रोटीन आतच अडकून राहतं, न्यूक्लियसपर्यंत पोचत नाही, म्हणून नवे रिसेप्टर बनणं कमी होतं आणि पेशीचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणंही मंदावतं. टाकी भरली की बॉल वर येऊन पाणी बंद होतं ना, तसंच. रिसेप्टरचा शोध अमेरिकेत डॅलसला ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडीने लावला, लहानपणीच हार्ट अटॅक येणाऱ्या मुलांच्या त्वचेच्या पेशी वाढवून बघताना, त्याबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं.

आता रिपोर्टकडे या. ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) ४०० च्या वर असेल तर एलडीएलचा आकडा मोजलेला आहे की हिशोबाने काढलाय ते लॅबला विचारा, कारण टोटलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा जुना फॉर्म्युला तिथे चालत नाही. अशा वेळी टोटल वजा एचडीएल करून नॉन-एचडीएल बघा, त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

एलडीएल १९० च्या वर असेल तर मात्र खाण्याला दोष देत बसू नका. रिसेप्टरच्या जीनमध्येच बिघाड असू शकतो. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात याला, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आई किंवा वडील एकाकडून जरी आला तरी पुरे. टाचेच्या मागची जाड शीर (रक्ताची नाही, स्नायू हाडाला जोडणारी) चिमटीत धरून बघा, फुगीर, गाठाळ लागते का, घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आलाय का, आणि असं काही असेल तर भावंडांची आणि मुलांचीसुद्धा टेस्ट करून घ्या. सोबत टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) पण तपासा, थायरॉइड कमी पडलं की रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल वर जातं, मग उपचार आधी थायरॉइडचा.

बरं, रक्तात राहिलं तर बिघडतं काय? उरलेले कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून अडकतात, तिथे त्यांचं ऑक्सिडेशन होतं, आणि साफसफाईला मॅक्रोफेज, म्हणजे घाण खाणाऱ्या पेशी, येतात. गोची इथेच आहे. मॅक्रोफेज ते खराब एलडीएल वेगळ्याच रिसेप्टरने, स्कॅव्हेंजर रिसेप्टरने उचलतं, आणि त्याला तो टाकीचा बॉलच नाही! पोट भरलं तरी पेशी खातच राहते, चरबीच्या थेंबांनी फुगते, मायक्रोस्कोपखाली फेसाळ दिसते म्हणून फोम सेल. कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले की ते पेशीतला सूज आणणारा अलार्म वाजवतात, पेशी मरतात, आतला सगळा गाळ तिथेच साठतो, आणि वरचं पातळ टोपण फाटलं की गुठळी होऊन अटॅक.

उपाय पण याच नजरेने बघा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी) पेशीतलं कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं, पेशीला तुटवडा जाणवतो, एसआरईबीपी सुटतं आणि रिसेप्टर वाढतात, खरा फायदा हा. पण त्याच एसआरईबीपीमुळे पीसीएसके९ नावाचं प्रोटीन पण वाढतं, जे रिसेप्टर नष्ट करतं, डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के जास्त उतरतं त्याचं हे एक कारण. त्यामुळे डॉक्टरांनी डोस वाढवायच्या ऐवजी एझेटिमाइब नावाचं दुसरं औषध जोडलं तर बुचकळ्यात पडू नका, ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषणं अडवतं. इसबगोलचाही उपयोग होतो, ते पित्तातली आम्लं बांधून बाहेर नेतं, मग नवी बनवायला लिव्हरला कोलेस्टेरॉल लागतं. तूप, वनस्पती तूप, पामतेल यातलं सॅच्युरेटेड फॅट रिसेप्टर कमी करतं, म्हणून अंड्यापेक्षा आधी तिकडे बघा. आणि शेंगदाणा तेलाच्या पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून जास्त पैसे देऊ नका, कुठल्याच वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच.

गोळी सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत टेस्ट करा. आकडा छान आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पेशीतलं उत्पादन पुन्हा सुरू होतं, रिसेप्टर कमी होतात आणि काही आठवड्यांत एलडीएल मूळच्या जागी जातं. अंग दुखायला लागलं तर डॉक्टरांना सांगा, दुसरं स्टॅटिन किंवा कमी डोस चालू शकतो.