नवी पिकअप आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरचा फ्यूज

मागच्या पिकअपला फॉगलाइट मी घरीच लावले होते आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकायचा राहिला. फाल्गुनात लावलेले दिवे, आषाढात माळशेज घाटात, भर पावसात, मागे टोमॅटोचे साठ कॅरेट भरलेले असताना बॉनेटमधून धूर आला. आता नवी बोलेरो पिकअप दारात उभी आहे. तेच काम येत्या रविवारी मी आणि पुतण्या मिळून करणार आहोत, म्हणून या वेळी सगळं आधी लिहून काढलं. तुमच्याही दारात नवी गाडी असेल आणि थोडंफार घरीच करायचा विचार असेल तर वाचून घ्या. बाकी एखादी गोष्ट राहिली तर पुढच्या रविवारी करता येते. फ्यूजला पुढचा रविवार नसतो.

सुरुवात पहिल्या सर्व्हिसिंगनंतरच करा. नव्या गाडीत काही खोट असेल तर ती बहुतेक वेळा सुरुवातीच्या दिवसांतच कळते. त्याआधी तुम्ही वायरी जोडून बसलात तर प्रत्येक बिघाडाचं खापर तुमच्या जोडणीवर फुटतं. वॉरंटीच्या पुस्तकात इलेक्ट्रिकलचं पान काय म्हणतं ते एकदा सावकाश वाचा. कंपनीची मूळ वायरिंग कापून जोड दिला की त्या भागाची वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

मग काय करायचं नाही हे घरात सगळ्यांसमोर ठरवून टाका, कारण गाडी बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे हौद्याची उंची वाढवायची नाही. पुढे लोखंडी गार्ड बसवायचं नाही. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. धडकेत बंपरने खायचा मार गार्डमुळे सरळ चॅसीवर जातो, आणि समोर माणूस असेल तर त्याचं काय होतं ते लिहायला नको. सूर बदलणारा हॉर्न नको, काचांना काळी फिल्म नको. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवायचा सल्ला हमखास मिळेल, तोही नको. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत, आणि जास्त माल भरायचा असेल तर मोठी गाडी घ्यावी.

उरलं ते आपलं काम: फॉगलाइट, हौद्यात रबरी मॅट, दोरीसाठी चार जादा हूक, रिफ्लेक्टर टेप, मडफ्लॅप, खालून गंजरोधक लेप, केबिनमध्ये सीटकव्हर आणि मोबाइल चार्जिंग. एका दिवसात सगळं उरकायचं नाही. वायरिंगला एक पूर्ण दिवस वेगळा ठेवा.

बाजारात गेलात की सगळ्यात आधी फ्यूज होल्डर घ्या. दिवे नंतर. मागच्या वेळी मी दिव्यांपासून सुरुवात केली, पिवळ्या काचा, जाळी, ब्रॅकेट यात तासभर गेला आणि होल्डर घ्यायचा राहिला. घरी आल्यावर अंधार पडत होता, दुकान लांब, म्हटलं पुढच्या आठवड्यात टाकू. तो आठवडा कधी आलाच नाही. झाकण असलेला, पाणी न शिरणारा होल्डर घ्या, तोही दोन नग. पात्याच्या फ्यूजांचे रंग ठरलेले असतात: १० अँपियर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला भागलं की नऊ अँपियरच्या थोडं वर. म्हणजे निळा, १५ चा. चार निळे जादा घ्या आणि दोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका. एलईडी दिवे असतील तर करंट कमी लागेल, मग फ्यूजही लहान लावा. दुकानदार म्हणाला ‘तीसचा टाका, उडायची कटकट नाही’, तर त्याचं ऐकू नका. वायर वाचवायला उडणं हेच फ्यूजचं काम आहे.

वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची. घरच्या फिटिंगमधली उरलेली वायर इंजिनच्या उष्णतेत आणि थरथरीत टिकत नाही. सोबत चार पायांचा रिले (छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारी डबी), स्विच, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायचं कडं, वायर कापू नये म्हणून), वायरीवर चढवायचा काळा लवचीक पाइप आणि केबल टाय. पाने, ड्रिल, टेस्टर असेलच घरात. बॅटरीच्या क्लॅम्पला लागणारा पाना मात्र कामाच्या दिवसापासून कायमचा सीटखाली ठेवायचा. का ते पुढे येतंच.

कामाला हात लावताना किल्ली काढा, पाच मिनिटं थांबा आणि बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी तिथेच. सगळं झाल्यावर उलट क्रम: पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, असतो, त्यामुळे घरी वेल्डिंग अजिबात नको. ब्रॅकेट नट-बोल्टनेच बसवा.

आता फ्यूजची जागा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. दिव्याजवळ नाही, डॅशबोर्डखाली नाही, रिलेच्या पुढे नाही. फ्यूज राखण करतो ती त्याच्या पुढच्या वायरीची. बॅटरी आणि फ्यूज यांच्यातल्या तुकड्याला कुणाची राखण नसते, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. तयार किट घेतलंत तर त्यात फ्यूज आहे एवढ्यावर खूश होऊ नका. तो नेमका कुठे आहे ते पाहा. वायरीच्या मध्येच कुठेतरी असेल तर कापून बॅटरीकडे आणा. पुतण्याला मी सांगून ठेवलंय, होल्डर बॅटरीशेजारी केबल टायने पक्का बांधल्याशिवाय दुसरी वायर उघडायचीच नाही.

घाटात काय झालं ते सांगतो. माझी वायर रेडिएटरच्या पुढच्या पत्र्यावरून खाली उतरत होती. ग्रोमेट नव्हता, पाइप नव्हता. गाडीच्या थरथरीने पत्र्याची कड त्या वायरीचं प्लास्टिक रोज केसभर कुरतडत होती, आणि त्या रात्री तांबं पत्र्याला टेकलं. मी दिवे बंद केले, किल्ली काढली, तरी धूर थांबेना. थांबणार कसा? वायर बॅटरीवरून थेट आली होती, किल्लीचा तिच्याशी संबंधच नव्हता. बॅटरी अशा वेळी शेकडो अँपियर सोडते आणि ही वायर काही क्षणांत लालबुंद होते. पाना हौद्यात, कॅरेटखाली. शेवटी ओल्या गोणपाटाने धरून मी ती वायर ओढून तोडली. तोवर शेजारची मूळ वायरिंग वितळून एकमेकींना चिकटली होती. गाडी टोचन करून खाली आणली, माल कल्याणला दुसऱ्या गाडीने दुपारी पोचला आणि सकाळचा भाव हातचा गेला. विम्याचा दावाही नामंजूर झाला, कारण दिवे पॉलिसीत नोंदवलेलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ती वायर हातात घेतली तर सगळी काळी कोळसा झालेली, फक्त पत्र्याची कड लागली होती तिथे बोटभर तांबं नाण्यासारखं चकाकत होतं. किरकोळ किमतीचा निळा फ्यूज त्या क्षणी उडाला असता आणि मी बिनफॉगलाइटचा, हळूहळू का होईना, घाट उतरलो असतो.

म्हणून पुन्हा: फ्यूज. बॅटरीपासून वीतभर.

पुढची जोडणी सोपी आहे. रिलेवर आकडे असतात. फ्यूजमधून आलेली वायर ३० ला, ८७ मधून दिव्यांना, ८६ ला स्विच, ८५ बॉडी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. स्विचचा करंट पार्किंग लाइटच्या सर्किटवरून घ्या, म्हणजे गाडी बंद करून लाइट मालवले की फॉगलाइटही मालवतात. त्यासाठी मूळ वायर सोलायची गरज नाही, फ्यूजबॉक्समध्ये बसणारा टॅप मिळतो. त्यातही स्वतःचा लहान फ्यूज असतो, तो लावा. रिलेच्या कॉइलला पाव अँपियरही लागत नाही. अर्थ घेताना बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. दिवे मिणमिणतात ते बहुतेक खराब अर्थमुळे. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट, सगळीकडे पाइप, आणि सायलेन्सर, पंखा, बेल्ट यांच्यापासून लांब. नुसती चिकटपट्टी गुंडाळून सोडू नका, उन्हाळ्यात ती घसरते.

दिवे हेडलाइटच्या खाली, जमिनीकडे थोडे झुकवून. धुक्यात वरून टाकलेला उजेड परत आपल्याच डोळ्यावर येतो, समोर पांढरी भिंत दिसते. टपावर एलईडी बार लावायचा मोह आवरा, समोरून येणारा माणूस आंधळा होतो.

हौद्यातली मॅट पाण्याच्या भोकांवरून कापून घ्या. टोमॅटो फुटला की आंबट पाणी सुटतं, खताच्या गोणीतून पोटॅश सांडतं, आणि हे मॅटखाली साचलं तर नवा पत्रा दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. महिन्यातून एकदा मॅट उचलून खालून धुवा. हूक बसवताना पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला आधी झिंक प्रायमर, मग रंग, मग वॉशर आणि बोल्ट. चॅसीच्या लांब्या दांड्यांना ड्रिल लावायचं नाही. फाळक्याच्या कडीला ग्रीस.

गंजरोधक लेप धुऊन पूर्ण वाळलेल्या गाडीवरच लावा. ओलीवर लावलात तर गंज आत कोंडून घ्याल. सायलेन्सर, ब्रेक ड्रम, ब्रेकचे रबरी पाइप आणि चॅसीतली पाणी जायची भोकं आधी कागदाने झाका.

रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. पासिंगच्या वेळी बघतात. नव्या मालवाहू गाडीचं फिटनेस दोन वर्षांचं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. टेप पत्रा स्पिरिटने पुसून मगच लावा. मडफ्लॅप, सीटकव्हर: जमेल तसं. चार्जिंगसाठी वेगळी वायर ओढणार असाल तर तिलाही फ्यूज. प्रत्येक नव्या वायरीला तिचा स्वतःचा.

विमा कंपनीला दिव्यांची पावती पाठवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, थोडा प्रीमियम वाढेल. सीटखाली पान्याशेजारी पावडरचा छोटा अग्निशामक.

तपासणी: दिवे अर्धा तास चालू ठेवा, मग होल्डर, रिले आणि थिंबल हाताने चाचपा. कोमट चालेल, चटका नको. नंतर निळा फ्यूज काढून बघा, दिवे विझलेच पाहिजेत. विझले नाहीत तर कुठेतरी दुसऱ्या वाटेने वीज जातेय, ती शोधल्याशिवाय गाडी हलवू नका. फ्यूज उडाला तर आधी कारण शोधा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम चालवू नका.

आठवड्याने सगळे बोल्ट पुन्हा आवळा. ग्रोमेट जागेवर आहेत का पाहा. पहिला पाऊस पडल्यावर होल्डरचं झाकण उघडून आत पाणी शिरलं नाही ना, ते बघा.