फ्रीआरटीओएसमध्ये दर १० मिलिसेकंदांचं काम वेळेवर कसं करावं

फ्रीआरटीओएस ही मायक्रोकंट्रोलरवर अनेक कामं (टास्क) चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्यावर मोटरचा वेग दर १० मिलिसेकंदांनी तपासायचा आहे. बहुतेक जण पहिल्यांदा लिहितात तो लूप असा: काम करा, १० मिलिसेकंद झोपा, पुन्हा काम करा. तो चालतोही. पण कामालाच २ मिलिसेकंद लागत असतील तर फेरी १२ची होते, आणि सेकंदाला १००ऐवजी जेमतेम ८३ फेऱ्या पडतात. नियंत्रणाचं गणित १० धरून मांडलेलं असेल, तर मोटर का डगमगते याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

चूक झोपेच्या फंक्शनची आहे. साधं 'टास्क-डिले' म्हणजे शेअर रिक्षा: आधीची फेरी संपली की पुढची. आपल्याला हवी वेळापत्रकाची एसटी. ते काम 'टास्क-डिले-अनटिल' करतं. ते मोजणी काम संपल्यापासून न करता मागच्या ठरलेल्या वेळेपासून करतं. लूपच्या बाहेर, एकदाच, सध्याचा टिक-आकडा (सिस्टिमच्या घड्याळाचे आतापर्यंतचे ठोके) एका व्हेरिएबलमध्ये घ्या आणि लूपच्या शेवटी त्याचा पत्ता व पिरियड (एका फेरीपासून पुढच्या फेरीपर्यंतचा वेळ) फंक्शनला द्या. पुढे ते व्हेरिएबल फंक्शनच बदलतं, तुम्ही हात लावू नका.

त्याआधी टिक किती वेगाचा आहे ते बघा. ईएसपी-आयडीएफमध्ये (ईएसपी३२ चिपसाठीचं सॉफ्टवेअर किट) तो मुळात १०० हर्ट्झ, म्हणजे १० मिलिसेकंदांचा असतो. तिथे ५ मिलिसेकंद मागितले तर पूर्णांकी भागाकारात शून्य टिक हातात येतात. अशा वेळी टिक १००० हर्ट्झवर न्या.

आता प्रायॉरिटी, म्हणजे दोन टास्क तयार असतील तर आधी कोण चालणार. इथे महत्त्वाच्या कामाला वरची प्रायॉरिटी द्यायचा मोह होतो. तो आवरा. पिरियड जितका लहान, तितकी प्रायॉरिटी वरची. यालाच रेट मोनोटोनिक म्हणतात. फ्रीआरटीओएसमध्ये मोठा आकडा म्हणजे वरची प्रायॉरिटी. व्हीएक्सवर्क्स या अशाच दुसऱ्या सिस्टिममध्ये नेमकं उलटं आहे, कोड इकडून तिकडे नेताना हे विसरू नका.

सगळी कामं वेळेत बसतील का, हे कागदावर आधीच कळतं. आपल्याकडे तीन टास्क आहेत असं धरू: मोटर दर १० मिलिसेकंदांनी, वेळ २, तापमान दर ५०नी, वेळ १०, डिस्प्ले दर २००नी, वेळ ६०. वेळेला पिरियडने भागा आणि बेरीज करा: ०.२ + ०.२ + ०.३ = ०.७. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ साली दाखवलं की तीन टास्कसाठी बेरीज सुमारे ०.७८पर्यंत असेल तर रेट मोनोटोनिकने सगळं वेळेत होतं (डेडलाइन, म्हणजे काम संपायची मुदत, पिरियडइतकीच आणि टास्क एकमेकांवर अवलंबून नसतील तर). टास्क वाढत गेले की ही मर्यादा ०.६९कडे उतरते.

डिस्प्लेला ८० मिलिसेकंद लागू लागले तर बेरीज ०.८ होते. मर्यादा ओलांडली, पण एवढ्यावरून नापास ठरवू नका. डिस्प्लेचं काम संपेपर्यंत वरचे टास्क किती वेळा मध्ये घुसतील ते मोजा. ८०मध्ये त्यांचा वेळ मिळवा, नव्या आकड्यावर पुन्हा मोजा, आकडा थांबेपर्यंत. तो १३८वर थांबतो: मोटर १४ वेळा म्हणजे २८, तापमान ३ वेळा म्हणजे ३०, आणि स्वतःचे ८०. २००च्या बराच आत.

या गणितात वेळ सर्वांत वाईट परिस्थितीतली धरायची, सरासरी नाही. टास्क सुरू होताना एक पिन वर, संपताना खाली करा आणि लॉजिक ॲनालायझरवर (पिन कधी वर-खाली झाली ते दाखवणारं उपकरण) पल्सची रुंदी बघा. फक्त मध्ये दुसरा टास्क घुसला तर तोही वेळ त्या रुंदीत येतो, म्हणून मोजताना एकच टास्क चालू ठेवा. आणि अवघड वाटा मुद्दाम चालवा: सेन्सर काढून टाका, बफर भरू द्या.

एकच आयटूसी बस (सेन्सरशी बोलायच्या दोन तारा) दोन टास्क वापरत असतील तर एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप लागतं. त्यासाठी बायनरी सेमाफोर नको, म्युटेक्स घ्या. प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे कुलूप धरून बसलेल्या खालच्या टास्कला वाट बघणाऱ्या वरच्या टास्कची प्रायॉरिटी तात्पुरती मिळणं, म्युटेक्सलाच असतो. १९९७ साली मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान हा पर्याय बंद असल्याने पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं, आणि पृथ्वीवरून तो पर्याय चालू केल्यावर ते थांबलं.

शेवटी, हुकलेली वेळ लपू देऊ नका. टास्कला उशीर झाला तर 'डिले-अनटिल' न थांबता लगेच परत येतं आणि राहिलेल्या फेऱ्या एकापाठोपाठ एक चालतात. नव्या आवृत्त्यांमधलं 'एक्स'ने सुरू होणारं रूप अशा वेळी 'फॉल्स' परत देतं. ते आलं की एक काउंटर वाढवा आणि बोर्ड रात्रभर चालू ठेवून सकाळी तो आकडा बघा.