गेसोचा डबा उघडायच्या आधी: रविवारची तयारी

रविवारी बेळगावातल्या वडगावात आमच्या घरी बॅकग्राउंड पेपर, म्हणजे ठसे उठवून रंगवलेले कागद, करायला बसायचंय आणि प्रत्येकीचा मेसेज येतोय काय काय आणू म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकते. गेसो, म्हणजे रंगाच्या आधी द्यायचा पांढरा लेप, कागदावर लागला की पाच-दहा मिनिटंच हातात असतात, तेवढ्यात कंगवा कुठंय गोणपाट कुठंय शोधत बसलात तर वर साय धरते आणि मग ठसा उठत नाही. म्हणून सगळं आधी मांडून ठेवायचं, डबा शेवटी उघडायचा.

कागदात कंजुषी करू नका. प्रिंटरचा ७५ जीएसएमवाला (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ओला झाला की वेडावाकडा होतोय, त्यावर गेसो घालून उपयोग नाही. ३०० जीएसएमचा कार्ट्रिज नाहीतर वॉटरकलर पेपर घ्या, फुल इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचाचं असतंय, त्याचे चार तुकडे केले की एकीला पुरे. आदल्या रात्री मागच्या बाजूला गेसोचा एक पातळ हात मारून ठेवा, म्हणजे पुढून जाड थर दिला तरी कागद एका अंगाला ओढला जात नाही. हे विसरू नका, बाकी काही विसरलं तर चालेल. येताना पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा आणि मास्किंग टेप, चारी बाजूनं चिकटवायला.

गेसो खडेबाजारात मिळतो, पण महाग पडतोय. डब्यातला म्हणजे अॅक्रिलिकचा बाइंडर (सगळं धरून ठेवणारा चिकट भाग), त्यात कॅल्शियम कार्बोनेट आणि पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड. ज्यांना इतका खर्च नको त्यांनी घरीच करा की, खडूची पूड ३ चमचे, फेविकॉल १, पांढरा अॅक्रिलिक १, आणि पाणी थेंब थेंब घालत डोशाच्या पिठाइतकं घट्ट. पूड चाळून घ्या, गुठळी राहिली की ब्रशच्या रेघा उमटतात. चाळताना तोंडाला रुमाल बांधा. प्लास्टर ऑफ पॅरिस घालायचं असेल तर थोडं थोडंच कालवा, वाटीतच आवळतंय. चिमूटभर बारीक वाळू चालते, छान खरखरीत दिसते. खानापूरची लाल माती घालू का असं एकीनं विचारलंय, घाल पण अगदी थोडी, जास्त झाली की फेविकॉल पुरत नाही आणि वाळल्यावर हाताला भुगा लागतो.

आता ठशांचं सामान, यात खरी मजा आहे आणि यातलं काहीच विकत आणायचं नाही. जुना कंगवा, टूथब्रश, बबल रॅप, खोक्याचा पुठ्ठा वरचा कागद सोलून आतल्या नळ्या दिसतील असा, गोणपाट, एक्स्पायर झालेलं एटीएम कार्ड थर पसरायला. आमच्या गल्लीत मागाच्या साड्यांच्या काठाच्या कातरणी मिळतात त्या मी गोळा केल्यात, ओल्या गेसोवर दाबून लगेच उचलल्या की विणीचा ठसा सुंदर येतो. पेपरची रद्दीही आणा, कन्नड आणि मराठी दोन्ही, फाडून खाली चिकटवायची आणि वरून पातळ गेसो देऊन ओल्या फडक्यानं मध्ये मध्ये पुसायचं, अर्धवट अक्षरं वर येतात. मला स्वतःला कन्नडची गोल अक्षरं जास्त आवडतात या कामाला.

रंग थोडेच आणा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), टर्क्वॉइज (हिरवट निळा), थोडा सोनेरी, बास. रंग पाण्यात अगदी पातळ करून ओतायचा, खाचांत बसू द्यायचा आणि वरवरचा लगेच पुसायचा, मग कोरड्या ब्रशनं सोनेरी फक्त उंचवट्यांवर. पण खालचा गेसो पक्का वाळलेला पाहिजे नाहीतर पुसताना तोच निघून येतोय. हाताच्या पालथ्या बाजूनं बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे. आपल्याकडं पावसात वाळायला मरणाचा वेळ लागतो म्हणून हेअर ड्रायर कुणीतरी आणा, लांबून फिरवायचा, जवळ धरला की फोड येतात.

ब्रश भारीतले नकोत. एक बादली पाणी बाहेर ठेवेन, ब्रश त्यातच धुवायचे, वाळू द्यायचे नाहीत, आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइप बसला तर प्लंबर रविवारी येत नाही.

निपाणी-चिकोडीकडून बसनं येणाऱ्यांनी जाताना कागद गुंडाळायचे नाहीत, थर तडकतो. आडवे दोन पुठ्ठ्यांत घालून न्यायचे आणि प्रत्येक कागदामध्ये बटर पेपर, अॅक्रिलिक वाळलं तरी दमट हवेत एकमेकाला चिकटतंय. बटर पेपरचा रोल मी आणलाय, तो कुणी आणू नका.