वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर भूक परतली? या चुका टाळा

शस्त्रक्रियेनंतरच्या चोविसाव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास मला भूक लागली आणि मी घाबरलो. तोवरचे तीन आठवडे मी घड्याळाकडे पाहून, कोणी आठवण करून दिली की औषधासारखे दोन-दोन घोट पीत होतो. त्या दिवशी अंगणात कापसाची गाठोडी उतरवली जात होती, चुलीवर भाजलेल्या वांग्याचा वास घरभर पसरला होता आणि पोटात खड्डा पडल्यासारखे झाले. पोट पुन्हा ताणले गेले, केलेले सगळे वाया गेले, हाच पहिला विचार मनात आला. नागपुरात स्लीव्ह शस्त्रक्रिया करून वर्धा जिल्ह्यातील खेड्यात परतलेल्या माणसाला अशी शंका विचारायला जवळपास कोणी नसते. म्हणून त्या दिवसांत माझ्याकडून झालेल्या आणि तपासणीच्या वेळी बाकावर शेजारी बसलेल्या रुग्णांकडून ऐकलेल्या चुका येथे मांडत आहे.

भुकेला अपयश समजणे

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढला जातो. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि तोच भाग या शस्त्रक्रियेत जातो. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी 1999 साली हे संप्रेरक शोधून काढले. ते घटते म्हणून सुरुवातीला भूक मंदावते. परंतु ते पूर्णपणे नाहीसे होत नाही, कारण थोड्या प्रमाणात ते आतड्यातही तयार होते. त्यात पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जठराला सूज असते, ती ओसरू लागली की आतील जागा किंचित मोकळी होते, आणि या काळातला आहार पातळ असल्याने पोटात थांबत नाही, लगेच पुढे सरकतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लागणाऱ्या भुकेचे कारण बहुधा एवढेच असते. पोट किती ताणले गेले आहे हे पाहण्यासाठी मुद्दाम दोन घास जास्त खाऊन पाहणारे लोक मला भेटले आहेत. असा प्रयोग कोणीही करू नये, कारण आतील टाके अजून भरत असतात.

वरणाच्या पाण्यावर दिवस काढणे

ही चूक माझी स्वतःची, आणि मराठी घरांत ती सर्रास होत असावी असे मला वाटते. आजाऱ्याला वरणाचे पाणी द्यायचे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पहिल्या दिवसांत ती योग्यही असते; पण पातळ आहाराची मुदत संपून दाट, मऊ, वाटलेल्या आहाराची परवानगी मिळाल्यावरही आमच्या घरी भीतीपोटी वरचे निवळच वाटीत येत राहिले. आहारतज्ज्ञ बाईंनी फोनवर माझी तक्रार ऐकून घेतली आणि पहिलाच प्रश्न केला, "वाटीत चमचा उभा राहतो का?" राहत नव्हता. डाळीतील प्रथिने तळाशी राहिलेल्या गाळात होती आणि तो गाळ घरातील इतर मंडळी भातावर घेऊन जेवत होती.

बहुतेक रुग्णांना दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य दिलेले असते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, 200 मिलिलिटर दुधात साधारण तेवढेच आणि 50 ग्रॅम पनीरमध्ये 9 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. यावरून हिशेब किती घट्ट बसवावा लागतो हे लक्षात येईल. सभोवतालच्या शेतांत तूर आणि सोयाबीन उभे असताना प्रथिनांची पावडर तालुक्याच्या बाजारातून आणावी लागते, हा विरोधाभास मला अजूनही खटकतो. तरीही पहिल्या महिन्यात तिच्यावाचून लक्ष्य गाठणे मला जमले नाही. घरच्या पदार्थांपैकी सर्वाधिक उपयोग झाला तो चक्क्याचा. दही रात्रभर फडक्यात टांगून ठेवले की सकाळी त्याचे पाणी निथळलेले असते आणि लहान वाटीतही साध्या दह्यापेक्षा अधिक प्रथिने मावतात. वरणासाठी पुरणयंत्र कामी आले. भारनियमनामुळे मिक्सरचा भरवसा नव्हता. तेव्हा आईने होळीनंतर माळ्यावर ठेवलेले पुरणयंत्र खाली काढले आणि शिजलेली तुरीची डाळ त्यातून काढली. तिला सालटे आणि कणी राहिली नाही, आणि चमचाही उभा राहिला. चार वाजताची भूक त्या आठवड्यातच सौम्य झाली.

परवानगीआधी घट्ट पदार्थाकडे वळणे

याच्या उलट दिशेची चूक अधिक धोक्याची आहे. घट्ट पदार्थ पोटात थांबतो हे एकदा कळले की पंचविसाव्या दिवशीच भाकरीचा तुकडा मोडण्याचा मोह होतो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस असतात, आणि "एवढुशा वाटीनं काय होते रे, दोन दाणे तरी खाय ना," असे आई मायेने म्हणते तेव्हा नाही म्हणणे कठीण जाते. मी दोन चमचे हुरडा खाल्ला. पाचव्या मिनिटाला छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखे झाले, तोंडाला फेसकट लाळ सुटली आणि अर्धा तास मी गोठ्यासमोर येरझाऱ्या घालत राहिलो. असा घास अडकल्यास वरून पाणी पिऊ नये, कारण पाणीही वरच साचते आणि कळ वाढते. खाणे थांबवावे आणि सावकाश चालावे. हुरडा, भाकरी, पोळी, मटणाचे तुकडे, तंतुमय भाज्या यांची पाळी सर्वसाधारणपणे सहा ते आठ आठवड्यांनंतर येते, परंतु आपल्या शल्यचिकित्सकाने लिहून दिलेले वेळापत्रकच अंतिम मानावे.

प्रत्येक भुकेला अन्नाने उत्तर देणे

खरी भूक खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी हळूहळू वाढते आणि समोर येईल त्या अन्नाने शमते. फक्त तर्री पोहेच हवेत असे वाटत असेल, तर ती जिभेची आठवण असते. जेवून तासाभरातच पोटात कुरतडल्यासारखे होत असेल तर बहुधा ते आम्ल असते. आम्ल कमी करणारी गोळी सकाळी काही खाण्याआधी अर्धा तास घ्यायची असते. मी ती नाश्त्यानंतर घेत होतो आणि दहा वाजता होणारी जळजळ भूक समजत होतो.

तहानही भुकेचे रूप घेते. विदर्भातील उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण दिवसाचे दीड ते दोन लिटर पाणी आता तांब्या उचलून गटागटा पिता येत नाही. बाटली सोबत ठेवून दर काही मिनिटांनी एक-दोन घोट घ्यावे लागतात. जेवताना मात्र पाणी टाळावे आणि जेवणानंतर साधारण अर्धा तास थांबावे, अन्यथा अन्न पाण्यासोबत खाली उतरते आणि भूक लवकर परतते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर घटवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. शस्त्रक्रियेनंतर साखर झपाट्याने उतरते आणि जुनीच मात्रा चालू राहिली तर घाम, थरथर व अनावर भूक एकत्र येतात. अशा वेळी लगेच ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. आकडा 70 पेक्षा कमी आल्यास डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे ग्लुकोज घ्यावे आणि त्याच दिवशी औषधाची मात्रा विचारावी.

खर्रा, उपवास आणि चहासोबतचे बिस्कीट

भूक मारण्यासाठी खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, तोंडात टाकणे ही आपल्या भागाची खास चूक आहे, आणि तिच्याबद्दल दवाखान्यात खरे सांगणारा रुग्ण विरळाच. तंबाखूमुळे जखम भरण्यास उशीर होतो आणि जठराची बायपास शस्त्रक्रिया (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणे) झालेल्यांच्या आतड्याच्या जोडावर व्रण होण्याचा धोका वाढतो. त्या व्रणाची जळजळ पुन्हा भुकेसारखीच भासते आणि पुन्हा पुडी उघडली जाते. अंगदुखीसाठी गावातील दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेण्यातही व्रणाचाच धोका आहे.

गजानन महाराजांचा गुरुवार अनेक घरांत पाळला जातो. साबुदाण्यात प्रथिने नावापुरतीच असतात आणि तो चिकटही असतो. त्यामुळे काही महिने उपवास स्थगित ठेवणे किंवा दूध-चक्क्यावर करणे हिताचे ठरते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजनाचा काटा थबकला म्हणून मुद्दाम जेवण वगळणाऱ्यांनाही हेच लागू आहे, कारण वगळलेल्या जेवणाची भूक संध्याकाळी दुपटीने अंगावर येते.

चहात भिजवलेले बिस्कीट मऊ असते, सहज उतरते आणि कुठेही अडत नाही. नेमके म्हणूनच ते पोट भरत नाही. चुरमुरे आणि शेव यांचेही तसेच. गोड चहा, उसाचा रस किंवा सरबत घेतल्यावर दहा ते तीस मिनिटांत धडधड, पोटात मुरडा, जुलाब होत असतील तर ते डम्पिंग आहे, म्हणजे गोड पदार्थ जठरातून फार झपाट्याने आतड्यात उतरल्याचा त्रास. बायपास झालेल्यांत ते अधिक आढळते.

जी लक्षणे घरी थांबून पाहू नयेत

ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणे, विश्रांतीतही नाडी 120 च्या वर असणे किंवा पाणीसुद्धा न टिकणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. आतील टाक्यांतून गळती होत असण्याची शक्यता असते. काही दिवस सतत उलट्या होत राहिल्या तर थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडून नसांवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे तेही अंगावर काढू नये. शस्त्रक्रियेचा कागद, चालू औषधांची यादी आणि शल्यचिकित्सकाचा दूरध्वनी क्रमांक मी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवला आहे, आणि शेजारच्या ज्या मुलाकडे गाडी आहे त्यालाही ती पिशवी दाखवून ठेवली आहे.