बाळ सारखं दूध काढायचं, आमचं कसं थांबलं

माझी मुलगी दीड महिन्याची असल्यापासून दर पाजणीनंतर गुळणी टाकायची, कधी पातळ दूध तर कधी दह्यासारखं फाटलेलं, खांद्यावरचं दुपटं ओलंच आणि दिवसाला सहा-सात झबली. मी तर घाबरूनच गेले होते की हिच्या अंगी काही लागतच नाहीये. डॉक्टरांनी आधी वजन केलं, ते छान वाढत होतं, म्हणाले औषध नको. अन्ननलिकेच्या खालची झडप या वयात सैल असते म्हणून दूध वर येतं.

मग मी एकदम पोटभर पाजायचं सोडलं, थोडं थोडं पण जास्त वेळा, मधेच एकदा ढेकर काढायची आणि नंतर २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धरायचं, रात्री ३ वाजता हे खरंच जड जातं पण फरक यानेच पडला. लंगोट पोटावर घट्ट बांधणंही बंद केलं. सासूबाई म्हणत होत्या डोक्याखाली उशी दे, पालथी झोपव, पण त्याने श्वास कोंडू शकतो म्हणून डॉक्टरांनी सक्त मनाई केली, झोपवायचं उताणंच.

चौथ्या महिन्यात उलट वाढलं, मी रडलेच होते. बसायला लागल्यावर मात्र कमी होत गेलं आणि वर्षाच्या आत बंद.

फक्त उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, जोरात लांब उडत असेल किंवा वजन वाढत नसेल तर प्लीज घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.