घरचा तिरामिसू: मस्कार्पोनेचा, चक्क्याचा आणि कंदी पेढ्याचाही

तिरामिसू म्हणजे कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांच्या थरांचा थंड गोड पदार्थ. त्याला ओव्हन लागत नाही, पाक लागत नाही. तरीही घरी केलेला तिरामिसू बशीत काढला की पसरतो आणि तळाशी कॉफी साचते. कारण बहुतेक वेळा एकच असतं, कुठल्या तरी थरात पाणी जास्त झालेलं असतं. क्रीम नीट निथळलेलं नसतं, बिस्किट जास्त भिजलेलं असतं, नाहीतर कॉफी गरम असते. ही तीन ठिकाणं सांभाळली की बाकी काम थर लावण्याचं.

हा पदार्थ १९७० च्या दशकात इटलीतल्या त्रेव्हिजो शहरातून नावारूपाला आला. मूळ जिन्नस मोजके: मस्कार्पोने, अंड्याचा बलक, साखर, सावोयार्दी नावाची हलकी लांबट बिस्किटं, कडक कॉफी आणि कोको. इथली मुख्य कृती बिनअंड्याची आहे, कारण आपल्याकडे घरात चार माणसं आली की एखाद्याला अंडं चालत नसतंच.

मस्कार्पोने घरी

मस्कार्पोने म्हणजे आंबट घालून घट्ट केलेली आणि निथळवलेली साय. सांगली-साताऱ्यात ते प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी महाग पडतं. घरी करायला २५ टक्के फॅटच्या फ्रेश क्रीमचे २५० मिलीचे दोन पॅक आणि १ मोठा चमचा गाळलेला लिंबाचा रस एवढं पुरतं.

उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर दुसरं पातेलं ठेवून त्यात क्रीम तापवा. कडेला बारीक बुडबुडे येऊन चांगली वाफ निघू लागली, म्हणजे साधारण ८५ अंश झाले, की लिंबाचा रस घाला आणि आच मंद करून ५ मिनिटं हलकेच ढवळा. क्रीम चमच्याच्या पाठीवर जाडसर थर धरेल. दूध फाटल्यासारखं पाणी आणि चोथा वेगळा व्हायची वाट बघू नका. तसं झालं तर क्रीम उकळलं असं समजा, आणि मग दाणे राहतात. खाली उतरवून गार करा. चाळणीत दुहेरी मलमल घालून त्यात ओता, वर झाकण ठेवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये निथळू द्या. सकाळी थोडंफार इकडेतिकडे, पण साधारण २७५ ग्रॅम मस्कार्पोने हाती येतं. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं नसेल तर आणखी ३-४ तास राहू द्या. इथे घाई केली की पुढे कशानेही भरून निघत नाही.

बाकीचं साहित्य

२० सेंटिमीटरचा चौकोनी काचेचा डबा, ८ जणांना पुरेल. व्हिपिंग क्रीम २०० मिली, पिठीसाखर ५० ग्रॅम, केक रस्क २०-२२ किंवा लेडी फिंगर (म्हणजेच सावोयार्दी बिस्किटं) २४-२८, इन्स्टंट कॉफी ४ छोटे चमचे, पाणी २५० मिली, कोको २ मोठे चमचे. केकचं सामान मिळतं त्या दुकानातलं बिनदुधाचं व्हिपिंग क्रीम आधीच गोड असतं. ते वापरत असाल तर साखर १ मोठा चमचाच घ्या, तीही चव बघून. कोको बिनसाखरेचा हवा. ड्रिंकिंग चॉकलेट चालत नाही, कारण वरचा कडवटपणाच आतल्या गोडाला तोलतो.

कॉफीत चिकोरी जास्त असेल तर करपट चव मागे राहते. फिल्टर कॉफी करणार असाल तर बिनचिकोरीची पूड घ्या.

थर

१. कॉफी कडक करा, १ छोटा चमचा साखर घाला आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम कॉफीत बिस्किट आतून विरघळतं आणि वरचं क्रीमही ढिलं पडतं.

२. व्हिपिंग क्रीम थंड हवं, भांडंही थंड हवं. सांगलीचा एप्रिल असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटा. यंत्र उचलल्यावर टोक वाकून उभं राहिलं की थांबा.

३. मस्कार्पोने आणि पिठीसाखर चमच्यानेच सारखं करा. त्यात व्हिप्ड क्रीम तीन वेळा थोडं थोडं घालून खालून वर असं मिसळा. मस्कार्पोने यंत्राने फेटलं की त्यातलं लोणी सुटतं आणि मिश्रण रवाळ होतं. रवाळपणा दिसू लागताच २ चमचे थंड क्रीम घालून हाताने हलवा, बऱ्याचदा सावरतं.

४. बुडवताना मनात मोजा. लेडी फिंगर एका बाजूला १ सेकंद, उलटून १ सेकंद. केक रस्क कडक असतो, त्याला दोन्ही बाजूंनी २-२ सेकंद. मोडून बघितलं तर मधे बोटभर कोरडा पट्टा दिसायला हवा. फ्रीजमध्ये तो क्रीममधला ओलावा घेऊन मऊ होतो. बेकरीचा साधा स्पंज असेल तर बुडवूच नका. १ सेंटिमीटरचे काप वाळवून घ्या आणि ब्रशने कॉफी लावा.

५. बिस्किटं, निम्मं क्रीम, पुन्हा बिस्किटं, उरलेलं क्रीम. झाकून किमान ६ तास फ्रीजमध्ये, रात्रभर ठेवलं तर उत्तम.

६. कोको वाढायच्या आधी, चहाच्या गाळणीने. आदल्या रात्री घातला तर ओला होऊन डाग पडतात.

अंडं चालत असेल तर ३ बलक आणि साखर वाफेवर सतत फेटत ७० अंशांपर्यंत न्या, गार करून मस्कार्पोनेत मिसळा. क्रीम मग १५० मिली पुरतं. कच्चं अंडं घालू नका.

चक्क्याचा तिरामिसू

आपल्या भागाला हीच आवृत्ती शोभते. म्हशीच्या दुधाचा ताजा चक्का मस्कार्पोनेइतका स्निग्ध नसतो, पण घट्ट आणि पांढराशुभ्र असतो, आणि त्याचा किंचित आंबटपणा कॉफीला छान लागतो. चक्का २५० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम, व्हिपिंग क्रीम १५० मिली. चक्का आंबट असेल तर कितीही साखर घातली तरी उपयोग नाही, म्हणून दही गोडसर असतानाच फ्रीजमध्ये टांगा. श्रीखंडासारखंच चक्का आणि साखर पुरणयंत्रातून काढा, गुठळी राहत नाही. साखर मिसळली की चक्का सैल होतो, हे श्रीखंड करणाऱ्यांना माहीत आहे. तेव्हा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच क्रीम मिसळा. तयार श्रीखंड वापरायचं तर साधं घ्या, साखर वगळा. वेलची-केशराचं कॉफीशी जमत नाही.

झटपट प्रकार

साताऱ्याचे कंदी पेढे ४ घ्या, हाताने कुस्करा आणि मस्कार्पोनेत मिसळा, साखर २० ग्रॅमवर आणा. खरपूस भाजलेल्या खव्याची चव कॉफीशी इतकी जुळते की हा प्रकार एकदा तरी कराच. पेढा क्रीममध्ये पूर्ण विरघळवू नका, दाताखाली कण यायला हवेत.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात असते तेव्हा कॉफीला सुट्टी द्या. २०० ग्रॅम फळं, २ चमचे साखर, अर्ध्या लिंबाचा रस. अर्ध्या तासाने जो रस सुटतो त्यात बिस्किट बुडवा. फळांचे काप आधी गाळून कोरडे करा आणि मधल्या थरात ठेवा. हा तिरामिसू त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं.

अगदी १० मिनिटांत हवा असेल तर ग्लासात करा. मारी बिस्किटांचे तुकडे, प्रत्येक थरावर २ चमचे थंड कॉफी, वर चक्का-क्रीम, मग कोको. इथे बिस्किट बुडवायचं नाही, कॉफी वरून शिंपडायची. मारी एका सेकंदात लगदा होतं. २० मिनिटं फ्रीजमध्ये पुरतात.

मुलांसाठी थंड कॉफीऐवजी कोको घातलेलं दूध वापरा. डब्यातला तिरामिसू झाकून २ दिवस चांगला राहतो. पहिला तुकडा मोडतोच, तो काढताना उलथण्याऐवजी मोठा चमचा वापरा, त्यानंतरचे तुकडे उलथण्याने सरळ निघतात.